राखेनं सापडलेली गळती

रविवार, दिवेलागणीची वेळ

महिनाभरापासून गाडीचा ब्रेक पहिल्या दाबाला खाली जातो अन् दुसऱ्याला लागतो. मी आपला वरून ब्रेक ऑइल ओतून भागवत होतो. पण उद्या अक्काला धावड्याहून आणायचं, म्हणून आज दुपारी एकदाचा गाडीखाली शिरलो. सगळीकडं जुनं काळं ग्रीस, त्यात ओल दिसते कुठं? तासभर नुसती पाठ घासली.

माझी बायको मंदा दारातून म्हणाली, "घरातलं पातेलं गळायला लागलं तर तुम्ही त्यात पाणीच ओतत बसाल." मंग चुलीतली राख घेऊन आली. चारी चाकांची आतली बाजू तिनं चिंधीनं कोरडी केली, राख भुरभुरली अन् म्हणाली, "आता बसा आत, ब्रेक दाबून धरा." माझ्या पायाखाली ब्रेक हळूहळू खाली जात राह्यला, अन् मागच्या उजव्या चाकाजवळची राख भिजून काळी झाली. इतकी वर्षं पाने-पकड हातात धरतो, मला हे का सुचलं न्हाई?

त्या चाकातला ब्रेकचा गळका सिलेंडर बदलल्याबिगर गाडी हलवायची न्हाई, हे बिलकुल नक्की. पण अक्काला सांगायचं जिवावर आलं होतं. शेवटी फोन केला.

"बरं झालं बापू," अक्का म्हणाली. "मी एसटीनं येते. मागच्या खेपेला तू ब्रेकवर दोन-दोनदा पाय मारत होतास, मी घर येईपर्यंत डोळे गच्च मिटून बसल्ते."

अन् मी गावभर सांगत फिरत होतो, की माझ्या गाडीत अक्काला कशी शांत झोप लागते.