तिसरे तळे

२० नोव्हेंबर १९०९, शनिवार. जव्हार

पोहोचलो एकदाचे! नाशिक सोडल्याला आज तिसरा दिवस. त्र्यंबकपर्यंत रस्ता बरा होता, पण मोखाड्याच्या उतारावर बैलगाडीने हाडे खिळखिळी केली. अण्णा गाडीत बसलाच नाही. बैलांच्या पुढे चालत, वळणावळणावर थांबून मोठ्याने गात होता. गाडीवानाने मला हळूच विचारले, हे तुमचे थोरले बंधू खरेच शाळेत गणित शिकवतात काय?

जव्हार उंच पठारावर आहे. हवा अशी की दोन दिवसांची भूक एकदम लागली. धर्मशाळेत खोली मिळाली. बेत अण्णाचा. संस्थानातली पाण्याची तीन ठिकाणे पाहायची, एका मासिकासाठी प्रवासवर्णन लिहायचे, आणि चित्रे मी काढायची. चित्रकलेच्या वर्गात मी पोरांकडून नारळ आणि घडे काढून घेतो. वाहते, हलते पाणी काढायला हात शिवशिवत आहेत.

निघताना वहिनीने डिंकाचे लाडू दिले आणि मला बाजूला घेऊन बजावले की अनोळखी पाण्यात ह्यांना उडी मारू देऊ नका. मी कबूल केले. पण पाणी दिसले की अण्णाच्या अंगात सदरा राहत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

२२ नोव्हेंबर. साखरशेत

वाटाड्या मिळाला. ढवळू नाव, चाळिशीचा, वारली. भात कापून झाले म्हणून मोकळा आहे. बायको चैतीही बरोबर आली. रानात तिचे पाय त्याच्यापेक्षा जलद चालतात.

गावाच्या पलीकडे टेकड्यांच्या ओंजळीत पहिले तळे आहे. काठापासून आत चाळीसेक हात पांढरी कमळे, त्यांच्या पानांवरून जांभळ्या पाणकोंबड्या धावत होत्या. मधले पाणी मोकळे, आणि त्यात अख्खा डोंगर उलटा. मी कागद पसरीपर्यंत अण्णा पाण्यात होता. दोनदा आरपार पोहून आला. चैती हसू लागली. ढवळू म्हणाला, ती म्हणतेय हा बामण मागल्या जन्मी बेडूक असेल. अण्णाला ते इतके आवडले की वर्णनात घालणार म्हणतो.

दुपारी नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. अण्णाचा डावा हात सारखा मुंग्या आल्यासारखा होतो. थंड पाण्याने असेल.

२४ नोव्हेंबर. दाभोसा

आजचा धबधबा लांबूनच ऐकू येत होता. कड्याच्या पोटात खोल हिरवा डोह, त्याच्यावर तुषारांचा पडदा, दुपारी त्यात इंद्रधनुष्य उभे राहिले. आजवरचे माझे सर्वांत चांगले चित्र इथे झाले.

अण्णा पाण्यात उतरला नाही. अंग कसकसते, डोके ठणकते म्हणाला आणि पाण्याकडे पाठ करून बसला. वाऱ्याने तुषार तोंडावर आले तसा गळ्यावर हात ठेवून झटकन उठला. ढवळू ओंजळीने पाणी पीत होता. त्या आवाजावरून अण्णा त्याच्या अंगावर ओरडला. इतका, की मीच ओशाळलो. अण्णा कधी वर्गातल्या पोरावरही ओरडत नाही.

संध्याकाळी ढवळू म्हणाला, दादाला ताप हाय, माघारी जाऊ. मी म्हटले, थोडासाच आहे. तिसरे तळे सर्वांत सुंदर, असे त्यानेच सांगितले होते. ते पाहिल्याशिवाय परतायचे नाही, हा हट्ट माझा. तसे इथे लिहून ठेवतो.

२६ नोव्हेंबर. मोखाड्याच्या अंगाचे रान

पहाटेपासून चढत होतो. दहा वाजेपर्यंत उन्हाचा कवडसा नाही इतके दाट रान. खोडांवर शेवाळ, शेवाळावर आमरीची बांडगुळासारखी झुडपे, दोरखंडासारख्या वेली. आणि मग एकदम तळे. काळसर हिरवे, पान पडले तरी वलय काठापर्यंत येत होते. मी कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो.

मागे घुसमटल्यासारखा आवाज झाला. अण्णाची मान ताठ झाली होती, जबडा एका बाजूला ओढला गेला होता. मी धावत तांब्या भरून आणला. त्याने तो हातातून उडवला आणि पाणी पायावर सांडले तसा किंचाळत मागे सरकला.

चैतीने त्याच्याकडे पाहिले. मग मला एवढेच विचारले, "याला कुत्रा चावला व्हता?"

अण्णानेच उत्तर दिले. अश्विनात, एका विद्यार्थ्याचे कुत्र्याचे पिल्लू विहिरीतून काढताना. डाव्या हाताला. चुना लावला. पिल्लू दोन दिवसांनी मेले. वहिनी घाबरेल म्हणून बोलला नाही. हे सगळे त्याने वर्गात उदाहरण समजावून सांगावे तसे सांगितले, आणि शेवटी म्हणाला, "निळू, मला बांधून ठेवा. आत्ताच."

मी नाही म्हटले. माझ्या भावाला मी दोरी लावणार नाही, असे म्हटले.

२७ नोव्हेंबर

तळ्याकाठी ढवळूच्या मेहुण्याचे रिकामे खोपटे आहे, तिथे आहोत.

सकाळी अण्णा शांत होता. ढवळू त्याला सावलीत न्यायला वाकला. अण्णाने दोन्ही हातांनी त्याचे डोके धरले आणि गालाला दात लावले. ढवळू ओरडला नाही, नुसता घशातून आवाज काढत राहिला. मी अण्णाचा जबडा उघडायला बोटे घातली, तेव्हा त्याने माझे मनगट दातांत धरले. चैतीने लाकडाने पाठीत हाणले तेव्हा सुटलो. ढवळूच्या गालाचा तुकडा मातीत पडला होता. अण्णाने तो पाहिला, आणि रडू लागला.

आता त्याला खोपटाच्या मधल्या खांबाला, मेढीला, बांधले आहे. चैतीने दोघांच्या जखमा राखेच्या पाण्याने धुतल्या. माझे मनगट फारसे नाही. दातच लागलेत.

पिसाळलेले चावल्यावर पंजाबात कसौलीच्या दवाखान्यात जाऊन लस टोचून घेतात, हे मला ठाऊक आहे. आजच निघालो तर पाच-सहा दिवसांत पोहोचू. पण अण्णाला असे टाकून कसे जाऊ? ढवळूला म्हटले, एक दिवस थांब. कशासाठी लवकर निघायला हवे, ते सांगितले नाही. सांगितले असते तर तो थांबला नसता.

२८ नोव्हेंबर

तहान तहान करतो. पाणी दाखवले की मेढीवर डोके आपटतो. कपाळ फुटले आहे. लाळ हनुवटीवरून दोरीसारखी लोंबते. मध्येच शुद्धीवर येतो. वहिनीला काय सांगायचे ते सांगतो. मला विचारतो, तुझ्यात हिंमत आहे का रे. मी बाहेर जाऊन बसतो. समोर तळे आहे. त्याचे एकही चित्र काढलेले नाही.

२९ नोव्हेंबर

लिहायलाच हवे.

दुपारी मेढ मोडली. चैती आत राख टाकत होती. त्याने तिला केसांनी धरले आणि उंबऱ्याच्या दगडावर डोके आपटू लागला. एकदा. दोनदा. ढवळू त्याच्या पाठीवर पडला, त्याला त्याने भिंतीतून बाहेर फेकले, कूड फुटून. कोयता माझ्या हाती आला.

पहिला घाव खांद्यावर बसला. अण्णाने चैतीला सोडले, वळला, आणि मला ओळखले. म्हणाला, "निळू, लवकर." दुसरा मानेवर. तिसऱ्याची गरज नव्हती. तरी मारला. चौथाही.

मग कितीतरी वेळ नुसती माश्यांची घोंघों.

धोतरात दगड बांधून त्याला तळ्यात सोडले. मी दोघांना म्हटले, सांगायचे की पोहताना बुडाला. चावला म्हणून सांगितले तर चौकशी होईल, घाव कोणी घातले विचारतील, फाशी होईल मला. ढवळूचा गाल अस्वलाने ओरबाडला म्हणायचे. ढवळूने मान हलवली. त्याला बोलता येत नाही. चैतीने फडके फाडून डोक्याला बांधले.

कसौलीचे आजही सांगितले नाही. तिथे गेलो तर कोण चावले विचारतील.

३ डिसेंबर. जव्हार

कचेरीत जबाब दिला. सगळे फार चांगले वागले. वहिनीला तार केली. बुडाला, एवढेच. तिचे उत्तर आले, प्रेत सापडले काय. धर्मशाळेत पडून आहे. मनगट भरत आले. खपली धरली आहे.

घरी जाववत नाही.

१३ डिसेंबर

चैती आली. पायी, साखरशेतहून, डोक्याची जखम फडक्याने बांधलेली. धर्मशाळेच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "ढवळू पानी नाय पीत."

तिच्याबरोबर निघालो.

१४ डिसेंबर. साखरशेत

त्याने स्वतःच शेजाऱ्यांकडून बैलाची साखळी मागून घेतली, स्वतःच पाय पुढे केला. अण्णाला जे मी नाकारले ते ह्याने मागून घेतले. आज साखळी चावून पुढचे दात मोडले. दात थुंकतो आणि पुन्हा चावतो. गालाच्या भोकातून जीभ दिसते. मला पाहिले की हात जोडतो. का जोडतो?

१६ डिसेंबर

गेला. सकाळी. पाठीची कमान झाली, ती तशीच राहिली. साखळी तोडायला लोहार आणावा लागला.

स्मशानातून आल्यावर मी चैतीला कसौलीचे सांगितले. सगळे. का सांगितले कळत नाही.

तिने विचारले, "कवा जायाचं व्हतं?"

म्हटले, त्याच दिवशी. फार तर आठवड्यात.

"तुला ठावं व्हतं."

होय म्हटले. ती चुलीकडे गेली. थोड्या वेळाने परत आली, माझा हात धरून खपली पाहिली आणि म्हणाली, "तू जाव नको आता. हितंच ऱ्हा."

२० डिसेंबर

साखळी माझ्या पायात आहे. ढवळूचीच. मी ओढाओढ केली नाही. शेजारच्या मंगळूने कडी ठोकली, नजर चुकवत. आता कसौलीला जाऊनही उपयोग होईल असे वाटत नाही. तीन आठवडे उलटले.

रोज सकाळी चैती वाळल्या भोपळ्यातून पाणी आणते, समोर ठेवते आणि बसते. मी प्यायलो की उठून जाते. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

२६ डिसेंबर

प्यायलो. ती गेली.

मनगटात मुंग्या. बोटांपासून कोपरापर्यंत. नाही — झोप लागली त्या कुशीवर, त्यामुळेच.

२९ डिसेंबर

ताप. उजेड नको वाटतो. कोंबडे ओरडले तर चीड येते, मान मुरगळावीशी — आज चैतीची धाकटी बहीण सुकी दारात आली, तिच्या गळ्याकडे पाहत राहिलो. मी. पोरांना नारळ आणि घडे काढायला शिकवणारा. मंगळूला ओरडून सांगितले, तिला दूर ने. साखळी आखूड कर.

त्याने आखूड केली.

३१ डिसेंबर

डोळे मिटून प्यायलो. दोन घोट. तिसरा नाकातून आला. तिने पाहिले.

१ जानेवारी

भोपळा समोर. पाणी हलते. तिच्या चालण्याने सुद्धा हलते. हात लांब केला आणि घसा — जणू आतून कोणी मूठ आवळली —

भोपळा मीच फोडला. तिचा हात माझ्या तोंडाजवळ आला तेव्हा दात — नाही. चावलो नाही. नाही चावलो. ओठ माझाच फाटला आहे.

ती मागे सरली नाही.

२ जानेवारी

सकाळ आहे. शुद्धीत आहे. किती वेळ ठाऊक नाही.

बाहेर दगडावर कोयता घासतात. बराच वेळ. मंगळू काहीतरी समजावतो आहे, ती ऐकत नाही. मी आतून हाक मारली की मीच सांगतो आहे, माझी हरकत नाही, तिला कुणी दोष देऊ नये. तिने ऐकले असेल —

लाळ कागदावर पडते. अक्षर पुसते. ही वही जव्हारच्या कचेरीत द्यावी. तिथून नाशिकला. वहिनी, मी तार खोटी केली. तळ्यात आहे तो, पण बुडाला नाही. तिसरे तळे. रानातले. माझ्या हट्टाने —

घासणे थांबले.

वहिनी, अण्णाला मी कोय