गळ्यात तुमचं नाव

प्रिय युन विहीणबाई,

चाळीस वर्षं तुम्ही पोरांकडून पाढे घोकून घेतलेत, पण माझा निळ्या झाकणाचा डबा परत करायचं काही तुमच्या लक्षात राहत नाही. मागच्या सुगीच्या सणाला त्यात मुळ्याची किमची भरून दिली होती. आता ती संपली असेल असं धरून चालते. आणि पायाचं कारण सांगू नका. घोटा मोडलाय, डोकं नव्हे.

पत्र नेहमीप्रमाणे म्योंगजा लिहितेय, आमच्या विरंगुळा केंद्रात बसून. पेन मात्र मी आणलेलं. सोलच्या त्या परिषदेत प्रत्येकाला एक पिशवी, एक छत्री आणि एक पेन वाटलं. जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिच्याही हातात पेन. म्योंगजा म्हणते, "काकू, शाई काय सुरेख उतरतेय." उतरणारच, तुमच्या नावावर मिळालंय.

हो, तुमच्याच. आपल्या ह्योजूनं भाषणाला आधी तुम्हाला बोलावलं होतं हे मला माहीत आहे. तुम्ही जिन्यावरून घसरला नसतात तर ते दोन दिवस मी अंगणात मिरच्या उलटत काढले असते. तिचा फोन आला, "आजी, तू येशील का? नाहीतर खुर्ची रिकामी राहील." मी म्हटलं, बघते, कामं पडलीत. आणि फोन ठेवल्या ठेवल्या केसांना रंग लावायला बसले. परिषदेच्या दारातच तिनं माझ्या गळ्यात एक कार्ड घातलं. त्यावर तुमचं नाव. आता बदलून मिळत नाही म्हणाली, कोण बघतंय, घाल. मला वाचता येत नसलं म्हणून काय झालं, ती अक्षरं दोन दिवस मला बोचत होती. लोक वाकून "नमस्कार, युनबाई" म्हणायचे आणि मी मान डोलवायची. सात वर्षांची होईपर्यंत ती पोर तुमच्या मांडीवर वाढली. मला दिसायची ती सणावारी, नवे कपडे घालून, पाहुण्यासारखी. आणि आता माझ्या गळ्यातसुद्धा तुम्हीच.

पहिल्या दिवशी इंजिनिअर मंडळी आत बोलत बसली आणि सोबत आलेल्या आम्हा लोकांना विद्यापीठाचं आवार दाखवायला नेलं. दगडी इमारत, तळं, तळ्यात बदकं. झेंडा घेतलेली मुलगी प्रत्येक दारापाशी थांबून सनावळ्या सांगत होती. मी मागे रेंगाळले, कारण ग्रंथालयामागच्या चढावर ओकच्या बियांचा सडा पडला होता. पीठ करायला असा माल आमच्या डोंगरावर मी दहा वर्षांत पाहिला नाही. परिषदेची पिशवी अर्धी भरली आणि पिवळी जाकिटं घातलेल्या दोन विद्यार्थिनी पुढ्यात उभ्या. "आजी, त्या खारींच्या आहेत. हिवाळ्यात त्यांनी काय खायचं?" मी म्हटलं, "मी काय खायचं हे आजवर कुणी विचारलं नाही." हसल्या, पण पिशवी रिकामी करायला लावलीच. वर वही काढली, माझं कार्ड वाचलं आणि नाव लिहून घेतलं. मी मान डोलवली. तेव्हा त्या वहीत ओकच्या बिया चोरताना सापडलेल्या बाई म्हणजे युन जंगही, निवृत्त मुख्याध्यापिका. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी कँटीनमध्ये मी दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी ह्योजूचं भाषण. काळा कोट, सुरुवातीला आवाज जरा कापरा. टाकीतल्या पाण्यातला गाळ खाली कसा बसतो आणि तो न ढवळता वरचं पाणी कसं काढायचं, असा काहीसा विषय. आकडे आले, रेघा आल्या, माझ्या शेजारचे म्हातारे प्रोफेसर पेंगायला लागले. मग पडद्यावर एक लाल रबरी टब आला. तळाशी ओकच्या बियांचं पीठ बसलेलं, आणि एक हात टब हळूच कलता करून वरचं तुरट पाणी ओतून देतोय. ह्योजू म्हणाली, "हे मी लहानपणी आजीजवळ बसून पाहायची. ती म्हणायची, श्वाससुद्धा सावकाश घे. माझं सगळं काम तिथून सुरू झालं." फोटोखाली नाव लिहिलेलं होतं. प्रोफेसर जागे झाले, त्यांनी ते नाव वाचलं, मग माझं कार्ड वाचलं, आणि उठून टाळ्या वाजवायला लागले. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं.

विहीणबाई, अक्षरं मला कळत नाहीत, पण त्या हाताची करंगळी वाकडी होती. तुमची, शाळेच्या दारात चेमटलेली. टब दिसला त्याच क्षणी मी ओळखली होती. तरी मी उभी राहिले. एकदा नाही, दोनदा वाकले. ह्योजूनं वरून पाहिलं, जरा थांबली, आणि मग तीही टाळ्या वाजवू लागली. परत येताना तिनं मला बसस्टँडवर उकडलेली अंडी घेऊन दिली, सोलूनसुद्धा दिली. पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

येत्या रविवारी ती तुमच्याकडे फोटो घेऊन येईल. त्यात मी उभी आहे, तुमचं नाव गळ्यात घालून. तिच्याकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून हा सगळा खटाटोप. त्या टाळ्या तुमच्या होत्या आणि मी घेतल्या. पण सगळ्या परत करणार नाही. ह्योजू पाळण्यात होती त्या वर्षी तुम्ही आमच्याकडे आला होतात आणि पाणी भसकन ओतून माझं टबभर पीठ गटारात घालवलं होतंत. तेव्हा मागे बसून, तुमचे दोन्ही हात धरून, टब कसा कलता करायचा ते मी दाखवलं होतं. आयुष्यात मी तुम्हाला शिकवलं असेल तर तेवढंच. श्वास सावकाश घ्या, हेही तेव्हा मीच म्हटलं होतं. ह्योजूला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. रविवारी तुम्ही सांगा, मी सांगितलं तर बरं दिसणार नाही. कार्ड सोबत पाठवतेय, ते पूर्ण तुमचं. आणि घोटा बरा झाला की बियांचं पीठ शिजवून, थिजवून मुक करा, वडी न कापता, वर तेल-तिखट काही न घालता, निळ्या झाकणाच्या डब्यातून पाठवा. पाणी नीट ओतलंत की नाही, ते मी एका घासात सांगेन.

अर्ध्या टाळ्या ठेवून घेतलेली,
तुमचीच विहीण
मक्सून