फळ्यांमागचं छत

तीर्थरूप बाबांना लांबूनच वाकून नमस्कार,

मी मजेत आहे. थोडा खोकला आहे, पण तो कामावरच्या धुळीचा. आईला सांगू नका. तुमचे गुडघे काय म्हणतात?

इथल्या जुन्या स्टेशनातला वेटिंग हॉल पाडायचा ठरला होता. त्याआधी मोजमापं घ्यायला मला पाठवलं. मागाहून कुणीतरी ठोकलेल्या फळ्या काढल्या, तर वर लाकडी कमानींचं उंच छत आणि रंगीत काचांची गोल खिडकी! ऊन थेट बाकांवर उतरलं. गाडीची वाट बघणारी एक आजी उठून उभीच राहिली. म्हणाली, "लग्न होऊन इथे उतरले, तेव्हा हीच खिडकी पाहिली होती गं."

मी साहेबांना बोलावून आणलं. ते बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "हे कसं पाडायचं? दुरुस्तीला लागा."

मी कोपऱ्यात जाऊन रडून घेतलं. तुम्ही मास्तर होतात ते आपल्या गावचं स्टेशन पाडलं, त्या रात्री तुम्ही जेवला नव्हतात, ते आठवलं.

हॉल नीट झाला की दोघं या. जन्मभर तुम्ही फलाटावर उभं राहून गाड्या सोडल्यात. या खेपेला तुम्ही गाडीतून उतरा, फलाटावर मी उभी राहते.

तुमची,
धाकटी