नॉरफोकची भोरडी

जाफराबाद, जि. जालना
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय प्रियदर्शनी,

सप्रेम जयभीम.

परवा तू फोन ठेवलास तो रागानेच ठेवलास, मला कळत नाही असं समजू नको. चूक माझीच आहे. तू किती आनंदाने सांगत होतीस की आई, मी इथं एक दुर्मिळ पक्षी शोधला, फोटो पाठवलाय, बघ. आणि मी फोटो बघून काय म्हणाले, तर अगं, ही तर भोरडी, हाकल तिला! वर खदाखदा हसले. आता मला काय माहीत, की जी पाखरं आपल्याकडे भाद्रपदात थव्याथव्याने येऊन बाजरीची कणसं साफ करतात, त्यांतलं एक चुकार पाखरू इंग्लंडच्या समुद्रकाठी उतरलं तर माणसं दुर्बिणी घेऊन चार-चार तास गाडी चालवत बघायला येतात!

हे सगळं मला बेबीनंदाने समजावलं. तुझी वर्गमैत्रीण आता इथल्या शाळेत बाई झाली असली, तरी मला समजावताना अजून तसेच हातवारे करते. तिनेच सांगितलं, की तुमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटातले एक जुने जाणते गृहस्थ म्हणतात, ही भोरडी नव्हेच, तिकडची साधी मैना आहे, फक्त रंग उडालेली. फोटोही लांबून काढलेला, धूसर. नोंदी तपासणाऱ्या समितीने तुझ्याकडे माहिती मागवली आणि तू म्हणालीस, जाऊ दे, येत्या शनिवारी नोंद मागे घेते. ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हणून आज आरोग्य केंद्रातल्या आशाताईंची तपासायची रजिस्टरं बाजूला सारून लिहायला बसले आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. बेबीनंदा या पानांचे फोटो काढून तुला पाठवील.

आधी इथली खबर ऐक. तुझा फोटो गावभर झाला. तुझ्या बाबांनी तर चहाच्या हॉटेलात बसून प्रत्येकाला मोबाईल दाखवला. तू मागे पाठवलेली यादीही त्यांनी वाचून दाखवली, तुमच्या नॉरफोकात कोणकोणती पाखरं क्वचित दिसतात त्याची. हुदहुद, वेडा राघू, लांब लाल पायांचा शेकाट्या. लोक म्हणाले, हे तर आमच्या तलावावर रोजचे! पण वेताच्या बेटात लपून भोपळा फुंकल्यासारखा घुमणारा तो तपकिरी बगळा मात्र कुणाला ठाऊक नव्हता. तो ऐकायला तू पहाटे चिखलात दोन तास उभी राहिलीस हे बाबांनी असं सांगितलं, की जणू तेच उभे होते. शेजारची गोजरबाई म्हणाली, “दवाखान्यात नर्सची ड्युटी करून हे बी करून राह्यली का पोरगी? लई जीव हाय बाई तिच्यात.” मला काय वाटलं ते लपवत नाही. माझा ऊर भरून आला.

आता मुद्द्याचं. तो गृहस्थ कितीही जाणता असू दे, त्याने आयुष्यात भोरड्या पाहिल्या किती? तू आठ वर्षांची होतीस तेव्हा मी मजुरीने राखण करायचे त्या काकासाहेबांच्या शेतात माझ्याबरोबर मचाणावर बसायचीस. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर, सलग सहा सुग्या. आठवतं का, मी तुला पहिल्याच दिवशी काय शिकवलं? साळुंकीवर गोफण उचलायची नाही. साळुंकी अळ्या खाते, ती आपली. भोरडी दाणे खाते, तिला हाकलायचं. दगड सुटायच्या आत ओळखावं लागायचं, तेही उन्हाकडे तोंड करून. मोठी भोरडी गुलाबी असते, ती आंधळाही ओळखील. पण तिची त्या सालची पिल्लं तुझ्या फोटोतल्या पाखरासारखी मातकट असतात, चोच आखूड आणि पिवळट, आणि उडाली की पाठीचा खालचा भाग फिकट दिसतो. ती नुसत्या उडण्यावरून ओळखणारी अख्ख्या शिवारात तू एकटी होतीस. मलाही तेव्हा ते जमत नव्हतं, ती पिल्लं ओळखायला मी पुढे तुझ्याकडूनच शिकले.

आणि इथंच मला तुझ्याशी एक गोष्ट बोलायची आहे, जी मी बावीस वर्षं बोलले नाही. त्या आश्विनात विहिरीकडच्या कोपऱ्यावर थवा उतरला. तू ओरडलीस, “आई, भोरडीची पिल्लं हायेत, मार!” मी बघितलं, गुलाबी काहीच नाही. म्हटलं, गप, साळुंक्या हायेत त्या. तू माझा पदर ओढत राहिलीस आणि मी ऐकलं नाही. तासाभरात कोपरा मोकळा झाला. काकासाहेब आले, कणसं हातात घेऊन विचारू लागले, आणि मी म्हणाले, “पोरगी म्हनली साळुंक्या हायेत, मंग मीबी गोफण उचलली न्हाई.” खरं बोलले असते तर राखणीचं काम हातचं गेलं असतं, आणि लेकराला काय, चार शब्द बोलून सोडतील असा मी हिशोब केला. ते तुला बोलले. फार बोलले. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि खाली मान घालून उभी राहिलीस. एका शब्दाने म्हणाली नाहीस की आई खोटं बोलते. त्या रात्री तुझ्याशी बोलायची मला हिंमत झाली नाही. तुझी नजर बरोबर होती, प्रियदर्शनी. चुकले मी, आणि वर खोटं बोलले मी.

दोन वर्षांपूर्वी शाळेने तुझा सत्कार केला तेव्हा कुणी तरी विचारलं, पक्ष्यांची आवड कशी लागली. तू म्हणालीस, पुस्तकांतून. मी पुढच्याच रांगेत होते. घरात तुझ्या अभ्यासाची सोडली तर पुस्तकं होती कुठं? मला वाईट वाटलं, पण मी समजले. दुसऱ्याच्या शेतात मजुरीने पाखरं हाकलली हे माईकवर सांगायला तुला जड गेलं असेल. मला ते जड नाही. मी त्या मचाणाकडे बघते तेव्हा मला अभिमानच वाटतो, की माझ्या लेकीची शाळा तिथं भरली होती.

काल बेबीनंदाने समितीचा तो फॉर्म मला मराठीत वाचून दाखवला. वारा, उजेड, अंतर, दुर्बीण, सगळं तू भरलंस. एकच चौकट कोरी ठेवलीस. हा पक्षी यापूर्वी पाहिला आहे का, कुठे, किती? हे पत्र त्या एका चौकटीसाठी लिहिलं आहे. माझी शपथ आहे तुला, मी सांगते तसंच इंग्रजीत उतरव. हो, पाहिला आहे. जाफराबाद तालुक्यात, जिल्हा जालना. वयाच्या आठव्या वर्षापासून, सहा सुग्या, दुसऱ्याच्या शेतात मजुरीने राखण करताना. एका वेळी हजारो. एकदा याच मातकट पिल्लांचा थवा मी ओळखला होता आणि शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने माझं ऐकलं नाही, म्हणून बाजरी गेली. ते मोठं माणूस माझी आई. ती हयात आहे, तिचा पत्ता खाली दिला आहे, तिला विचारून घ्या.

तुझीच, साक्षीला उभी असलेली,
आई
दैवशाला, जाफराबाद, जि. जालना