सोडणे, निघणे, सोपवणे

सातारा, ११ जानेवारी १९७६

तीर्थरूप आबांच्या पायांवर मालनचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळाले. तुरुंगाच्या कचेरीने मधल्या ओळींवर काळी शाई फिरवली आहे. आई म्हणाली, तिथंबी भाषण ठोकलं असंल.

परवा पाटणहून नाथाजीकाका आले होते. त्यांचे म्हणणे, आणीबाणी आहे तोवर सभेत बोलणार नाही एवढे लिहून दिले की माझा दादा सुटतोय. फलटणचे त्याचे सोबती सह्या करून कधीच घरी आले, आणि हा तिथं काय अंडी उबवतोय?

आई कळवू नको म्हणाली होती, तरी कळवते. तिच्या पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणतात, याच महिन्यात कापावी लागेल. आबा, सही करा आणि या.

कॉलेजात 'लीव्ह' या क्रियापदाचे अर्थ लिहून आणायला सांगितलेत. घरात इंग्रजी येणारा एकच माणूस, तोही कोठडीत.

लोभ आहेच, तो इकडे येऊन करावा.
मालन

सांगली, १७ जानेवारी १९७६

चि. मालन हिस अनेक आशीर्वाद.

गाठीचे वाचले आणि ताट तसेच सरकवले. तेव्हापासून कोठडीत फेऱ्या घालतो आहे. सोबतीचे कैदी म्हणतात, मानसिंगराव, फरशी झिजेल.

पण पोरी, भर चौकात लोकांना ताठ उभे राहा म्हणून सांगितले, ते मी वाकून लिहिलेल्या कागदाने पुसू? आज गप्प बसतो म्हणून लिहून देणाऱ्याचे कालचे बोलणेही खोटे ठरते. नाथाजीला हे वाचून दाखव. खोडले नाही तर.

व्याकरणाला तरी शाई लागणार नाही. 'गो' म्हणजे नुसते जाणे. 'लीव्ह' म्हटले की मागे काय राहिले, त्याचा हिशेब आला. 'लीव्ह सातारा' म्हणजे सातारा सोडणे. 'लीव्ह फॉर सातारा' म्हणजे साताऱ्याकडे निघणे. 'लीव्ह इट टू मालन' म्हणजे ते मालनवर सोपवणे. 'लीव्ह अलोन' म्हणजे नादी न लागणे. हे शेवटचे काकाला शिकव.

आईला जप.
आबा

सातारा, २२ जानेवारी १९७६

ती. आबांना नमस्कार.

अर्थ सरांना आवडले. मला नाही आवडले.

मागे राहिले त्याचा हिशेब म्हणता, तर घ्या. मागे आई राहिली. पोट धरून चुलीपुढे बसते आणि मी पाहिले की उठून भांडी घासायला लागते. मागे उसाचा फड राहिला. तोड येते आणि मुकादम पुरुष माणूस कुठाय म्हणून विचारतो. मागे मी राहिले. लोकांसाठी तुमच्याकडे तास तास बोलायला आहे. घरासाठी चार शब्द लिहायचे तर मान वाकते?

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. याहून जास्त लिहवत नाही.
मालन

सांगली, २६ जानेवारी १९७६

चि. मालन,

तुझे पत्र वाचून माझ्यातला वक्ता खाली बसला. सकाळी झेंडावंदन झाले. मला वर पाहवेना. मी सहीचा कागद मागवला आहे. तो समोर पडला आहे, दौतही आहे. लेखणी उचलतो, ठेवतो. तुझ्या आईवाचून मी कोण?

आता मी तुझ्यावर सोपवतो. तू ये म्हण, मी निघतो. उलट टपाली कळव.

तुझा,
आबा

सातारा, २९ जानेवारी १९७६, गुरुवार

तीर्थरूप आबांना मालनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र आईला काल वाचून दाखवले. म्हणाली, आगं, त्वांड शिवलेला माणूस घरात ठिवून मी काय करू? लोकांस्नी बोलायचं न्हाई, मंग दिसभर माझंच डोकं खाईल. हसता हसता तिने पोट दाबून धरले. मग मात्र हसली नाही. लिव म्हणाली, माझ्यापायी मान खाली घालून येऊ नगा. मी बरी हुते, तवा मीच येते सांगलीला. आन् तवर जेवा म्हणावं.

माझा राग गेलेला नाही, आबा. तुम्ही इथे असायला हवे होते, हे मी म्हातारी झाले तरी म्हणेन.

आज दवाखान्यात ऑपरेशनच्या परवानगीचा कागद पुढे आला. नवऱ्याची सही लागते म्हणाले. काका पुढे झाले. मी त्यांना मागे सारले आणि म्हटले, ते सांगलीला आहेत, मी मुलगी आहे, जाणती आहे. अक्षर वाकडे आले.

आईला आत नेले आहे. मी बाहेर बाकावर बसून हे लिहिते आहे. आतून अजून कुणी आलेले नाही.

सही मी केली आहे. तुम्ही करू नका.

रागावलेली, तरी तुमचीच,
मालन