खाडीत सोडलेली चिवणी

मास्तर, काल रोह्याच्या दुकानात एक नवं जोडपं आलं होतं, आणि त्यांच्यामुळे आज तुम्हाला लिहायला बसलोय. लग्नाला चार महिने झालेले, नवा फ्लॅट, हॉलमध्ये तीन फुटी टाकी हवी आणि आत खरी झाडं हवीत, प्लॅस्टिकची नकोत. नवरा कंपनीत शिफ्टला जाणारा. त्याचं बोट थेट ऑस्कर या दांडग्या माशाच्या टाकीवर. "काका, हा एक मोठा द्या, आणि शोभेला ते लाल-निळे बारके टाका वीसेक." बायकोने नाकातून सोडलेला श्वास मला ऐकू आला. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. मी म्हटलं, "टाकतो की वीस. सोमवारी परत या, वीस न्यायला. मंगळवारी आणखी वीस." ती फसकन हसली, आणि मग मी तुमचं वाक्य सांगितलं, गेली कित्येक वर्षं सांगतो तसंच: ज्याच्या तोंडात जो मावेल तो त्याचा घास, त्यात राग नाही, वैर नाही, नुसतं माप आहे.

मग त्यांना स्टुलावर बसवलं. माझ्याकडे टाकीसमोर पाव तास बसल्याशिवाय मासा मिळत नाही. नवऱ्याला गोल्डफिश आवडला, तर म्हटलं, हा तुमची झाडं मेथीच्या जुडीसारखी संपवील. पट्टेवाला टायगर बार्ब आवडला, तर म्हटलं, गुणी आहे, पण दुसऱ्याच्या लांब पंखांना चिमटे काढायची खोड आहे, सासरी भांडणं लावील. शेवटी तेच लाल-निळे बारके निऑन दहा, एकाच जातीचे, कारण दोन-तीनच ठेवले तर ते बिचारे झाडामागून बाहेरच येत नाहीत. तळमजल्यावर वाळू चाळणारे सहा कोरी मासे. आणि वरच्या मजल्यावर मोत्यासारख्या ठिपक्यांची गौरामीची जोडी. त्यातली मादी पुढे आली, आपल्या दोऱ्यासारख्या मिशांनी काच चाचपली आणि त्या पोरीकडे टक लावून बघत राहिली. "अहो, ही मला बघतेय!" पोरगी म्हणाली. "बघणारच," मी म्हटलं, "तिने तुम्हाला पसंत केलंय." निघताना माझी नेहमीची अट सांगितली: घरी गेल्यावर आधी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला बोलवायचं, मासे दाखवायचे आणि हे इथे राहायला आलेत असं तोंडाने सांगायचं. सगळे हसतात या अटीला. तीही हसली. मग विचारलं, "काका, हे सगळं तुम्हाला शिकवलं कुणी?" मी तुमची गोष्ट सांगितली, पार तुमची ती चिवणी मासळी खाडीत सोडली तिथपर्यंत. "किती छान," ती म्हणाली. काच चुकीच्या रेघेवर फुटणार असली की कापायच्या हिरकणीखाली तिचा आवाज आधीच बदलतो. तसा माझा आवाज मला काल ऐकू आला.

तुम्ही पहिल्यांदा पेणच्या दुकानात आलात तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. खिडक्यांची तावदानं आणि देवांच्या तसबिरी एवढाच धंदा. छत्री दाराशी टेकवून तुम्ही म्हणालात, "काचवाल्या, पाणी राहील अशी पेटी करशील?" मी म्हटलं, "करतो की." आयुष्यात एकही केलेली नव्हती. आजच्यासारखं सिलिकॉन तेव्हा कुठलं! लोखंडी अँगलची चौकट, आत काच आणि फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, दाबून भरायची. पहिल्यांदा गळली, दुसऱ्यांदा गळली. तिसऱ्यांदा तुमच्या ओटीवर मी जमिनीला कान लावून पडलोय, थेंब कुठल्या कोपऱ्यात पडतोय ते ऐकतोय, आणि तुम्ही वरून विचारताय, "नाडी लागते का रे?" शाळेतून निवृत्त झालेला, एकटा राहणारा माणूस. बाई गेलेल्या, दोन्ही मुलगे तुमच्या यहुदी लोकांबरोबर इस्राएलला पोचलेले. दुसरा कुणी असता तर माझ्या अंगावर काच फेकली असती. तुम्ही चहा पाजलात. चौथ्यांदा टाकी कोरडी राहिली, म्हणजे बाहेरून. तुम्ही तीत तळ्यातलं लांब पट्ट्यांचं गवत लावलंत आणि ओढ्यातले अकरा चंदेरी बारके मासे सोडलेत. मी शनिवारी येऊन बघत बसायचो. तुम्ही शनिवारी कामाला हात लावत नव्हता आणि मी तुमच्याकडे आलो की माझाही हात कामाला लागत नव्हता.

त्या चहाची फेड म्हणून आमच्या आईने तुम्हाला चिवणी पाठवली. आमचं घर खाडीकाठी. चिवणी म्हणजे आमच्याकडे पाहुण्याला जीव काढून द्यायची वस्तू. मिशांची, गुळगुळीत, काटा लागला तर दिवसभर बोंबलायला लावणारी, आणि कालवणात अशी की बोटं चाटावीत. आईने डबाभर पाण्यात जिवंत दिली. "मास्तरांना सांग, ताजीच करा म्हनून." तुम्ही डबा दोन्ही हातांनी घेतलात. पुढच्या शनिवारी मी कौतुक ऐकायला आलो, तर चिवणी टाकीत, गवताच्या बुडाशी मिशा हलवत बसलेली.

"मास्तर, खाल्ली नाय?"

"अरे, आमच्यात खवलं नसलेला मासा चालत नाही. पण तुझ्या आईने पाठवलेली वस्तू परत कशी करू? म्हणून बिऱ्हाडाला ठेवली."

माझं तोंड एवढंसं झालं. इतके दिवस तुमच्याकडे बसतोय आणि हे मला ठाऊक नसावं! तुम्हीच विचारलंत, "आईला काय सांगशील?" मी म्हटलं, "आवडली म्हणून सांगतो." तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, "हरकत नाही. ते काही खोटं नाही." मग घरी आईने विचारलं, "कालवनात केलीन का तलून?" आणि मी म्हटलं, "कालवणात. दोनदा भात घेतला त्यांनी." तेवढं मात्र माझ्या पदरचं.

पुढच्या आठवड्यात अकराचे नऊ झाले, मग चार. तुम्ही शेजारच्या मांजराला दोष देऊन टाकीवर फळी ठेवलीत. मी काचेजवळ बसलो होतो आणि मला ऐकू आलं, बारीक, दाणे भरडल्यासारखं, कर्र कर्र. "मास्तर, ही बोलते." "कोण?" "चिवणी. पोट भरलंय तिचं." तुम्हाला कमी ऐकू यायचं. तुम्ही काचेला कान लावलात, काही नाही. मग बोटांची टोकं लावलीत आणि तुमचा चेहरा असा उजळला! "बोटाला लागतंय रे! अरे, खरंच बोलतेय!" तुमचे सात मासे तिने गिळले होते, आणि तुम्ही लहान मुलासारखे हसत होतात. ते तोंडाचं आणि घासाचं वाक्य तुम्ही तेव्हा बोललात, आणि पुढे हेही की, "चूक तिची नाही, सोबत निवडणाऱ्याची. टाकी म्हणजे शाळेचा वर्ग नव्हे, चाळ आहे. खाली कोण राहणार, वर कोण, कुणाला गोतावळा लागतो आणि कुणाला शांतता, हे बघून बिऱ्हाडं द्यावीत." आणि मला दुसऱ्या टाकीची ऑर्डर दिलीत. माझा मासेधंदा त्या दिवशी सुरू झाला, मास्तर. आज पेणला एक दुकान आहे, रोह्याला एक, आणि दोन्हीकडे मी तुमच्या चाळीचे नियम चालवतो.

दोन वर्षं चिवणी त्या दुसऱ्या टाकीत एकटी राहिली. ओटीवर तुमचं पाऊल वाजलं की गवतातून बाहेर यायची, हातातून गांडूळ घ्यायची आणि काचेवरच्या बोटाशी मिशा आणायची. मग मुलांची पत्रं वाढली आणि तुमचं जायचं ठरलं. दोन्ही टाक्या तुम्ही मला दिल्यात. चिवणी बादलीत घालून वर फळी ठेवलीत आणि म्हणालात, "हिला मात्र खाडीत सोड. मी माझ्या माणसांत चाललोय, तिलाही तिच्या माणसांत जाऊ दे." मी तुमच्या पायांना हात लावून शब्द दिला.

सायकलला बादली अडकवून मी खाडीवर गेलो तर ओहोटी. नुसता चिखल. म्हटलं, दुपारी भरती लागली की सोडू, तोवर टाक्या घेऊन येऊ. बादली घरात गारव्याला ठेवली आणि हातगाडी घेऊन पेणला गेलो. परत आलो तर अंगणातच वास आला. चिंच, लसूण, आईचा मसाला.

"कनची चिवनी आनलीस रं!" आई चुलीपासूनच ओरडली. "कवरी पोसलेली! बादलीत कुरकुरत व्हती नुसती, म्हनलं ताजी हाय तवर करावी."

काय सांगणार होतो मी? ही मास्तरांची आहे म्हणालो असतो, तर दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी काय खाल्लं हे सांगावं लागलं असतं, आणि त्या दोनदा घेतलेल्या भातासकट सगळंच.

तुमचं तिथून पहिलं पत्र आलं, त्यात प्रकृतीच्या आधी चिवणीची चौकशी. मी उत्तरात लिहिलं की भरतीला सोडली, क्षणभर काठाशी थांबली, मिशा हलवल्या आणि गेली. तुम्ही उलट टपाली कळवलंत की तेवढा मजकूर तुम्ही दोनदा वाचला. ती सगळी पत्रं दुकानातल्या मोठ्या टाकीखालच्या कपाटात आहेत. हेही तिथेच ठेवणार आहे. तुम्हाला देवाघरी जाऊन इतकी वर्षं झाली की ते पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं.

कारण आई चिवणी शिजवून बसली, ही चूक आईची नव्हती आणि फारशी माझीही नव्हती. एवढं असतं तर मी तुम्हाला तेव्हाच हसत हसत लिहिलं असतं. पण मी पाटावर बसलो, आईने डोक्याकडचा तुकडा वाढला आणि म्हणाली, "ही मास्तरांनाच द्यायला हवी व्हती रं. मागं लय आवडलेली ना त्यांना?"

"व्हय आये," मी म्हटलं, "लय आवडलेली."

मग तिने विचारलं, "आजून वाढू?" आणि मास्तर, मी ताट पुढे केलं.