पीचच्या झाडाखालचं पत्र

मोखोतलोंग,
६ ऑगस्ट २०१८

ती. मोसेलेवन्संना,
केनेवेचा सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. शेजारच्या बाया मात्र अगदी नीट ऐकतात. म्हणून पत्र लिहून टॅक्सीवाल्याच्या हाती देतेय.

हिवाळा सरत आला तरी इकडे बर्फ अजून हटायला तयार नाही. घोडी व्याली. शिंगरू काळंभोर आहे आणि कपाळावर एवढासा पांढरा ठिपका. तुमचा भाऊ असता तर जेवण गोठ्यातच मागवलं असतं. त्याला जाऊन यंदा नऊ वर्षं झाली. माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत, पण कुरकुर करत का होईना, चालतात.

आता खरं सांगते. जूनच्या सुट्टीत आपली नात दिनेओ इथे आली होती. पोरीने सगळी पेटी उपसली, ब्लँकेटं उन्हात घातली, माझ्या बिस्किटांच्या डब्यातले जुने कागद काढून वाचत बसली. आणि दिवसभर गुणगुणणं चालू! मी म्हटलं, बाई गं, परीक्षा तोंडावर आलीय, गाणी कसली म्हणतेस? तर हसली नुसती. मंगळवारी मुख्याध्यापिकेचा निरोप आला तेव्हा कळलं कसली ते.

तिच्या वर्गात थातो म्हणून एक मुलगी आहे. तिच्या उशीच्या अभ्र्यात दिनेओच्या हातचं पत्र सापडलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, हे मैत्रीचं पत्र नव्हे. आपल्या पोरीला विचारलं, तर तिने सरळ सांगितलं की होय, माझं थातोवर प्रेम आहे. वन्सं, तिने निदान थोडं तरी खोटं बोलायचं होतं हो! आता दोघींना वर्गात बसू देत नाहीत. एक सप्टेंबरला शाळा समितीची बैठक आहे. नाव काढलं तर ऑक्टोबरची शेवटची परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की नर्सिंगही गेलं. तिची आई तिकडे ब्लूमफाँटेनला दुसऱ्यांची घरं पुसते, ती याच एका आशेवर.

समितीच्या अध्यक्ष तुम्ही. लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हापासून मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. आज मागते आहे.

लोभ वाढवला नाहीत तरी चालेल, पण हा एक महिना कमी करू नका.

आपली,
केनेवे


लेरिबे,
१४ ऑगस्ट २०१८

प्रिय केनेवे हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून कोंबडीने अंगणात नाचावं तसंच आहे. सिस्टर बेनेडिक्टांनी तुझ्या बोटांवर एवढ्या पट्ट्या मारल्या, त्या फुकटच गेल्या म्हणायच्या. शिंगराचं नाव काय ठेवलंस ते लिहिलं नाहीस.

दिनेओचं मला तुझ्या आधी कळलं होतं. तुला कोणत्या तोंडाने सांगावं म्हणून गप्प बसले. पत्र मी अजून वाचलेलं नाही. मुख्याध्यापिकेने ते पाकिटात बंद करून ठेवलंय आणि ते बैठकीतच उघडायचं, असं ठरलंय. ती बाई कडक आहे, पण अन्यायी नाही. तिलाही वर उत्तरं द्यावी लागतात. पालक विचारतात, मुली शिकायला पाठवल्या की काय करायला.

केनेवे, एकतीस वर्षं मी त्या शाळेत शिकवलं आणि आता तिच्या समितीवर आहे. घरची मुलगी आहे म्हणून मी नियम वाकवला, तर उद्या मला त्या फाटकातून आत जाता येणार नाही. आपल्या वेळी असलं काही नव्हतं. आपण होतो साठ जणी, एक घंटा, एक नळ आणि सकाळची पेजेची रांग. पेज आंबट असायची नि त्यात खडे लागायचे, तरी काय गोड लागायची! रविवारी स्वयंपाकघरातून पिठाचे गोळे तळून केलेल्या माकोएन्यांचा वास आला की प्रार्थनेत अर्ध्याजणींचं लक्ष उडायचं. परवा गेले होते तर मुद्दाम मागच्या बाजूला फिरून आले. धुण्याचे दगड अजून आहेत. त्यांच्याजवळचं पीचचं झाड तोडून तिथे समितीची खोली बांधली, त्यालाही आता चाळीस वर्षं होतील. बाकी पीचना बहर यायला लागलाय. ते झाड नाही, हे दर वर्षी बहर आला की नव्याने कळतं.

जे न्यायाचं असेल ते मी करीन. याहून जास्त आज लिहिता येत नाही. गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळ.

आशीर्वाद आहेतच, ते नियमात बसवावे लागत नाहीत.

तुझी नणंद,
मोसेले


मोखोतलोंग,
२३ ऑगस्ट २०१८

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

शिंगराचं नाव काही ठेवलेलं नाही. माझं डोकं ठिकाणावर असेल तर ठेवीन ना.

आपल्या वेळी असलं काही नव्हतं, असं तुम्ही लिहिलंत. मी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचलं. मग हसू आलं आणि मग राग आला. राग आलाय, वन्सं, स्पष्टच सांगते.

मी शाळेत आले तेव्हा तेरा वर्षांची होते. डोंगरातली, गावंढळ, रडून रडून नाक लाल झालेली. तिसऱ्या दिवशी वरच्या वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांदेखत येऊन सांगितलं की आजपासून ही माझी बेबी. झालं, ती माझी मम्मी. तेव्हा प्रत्येक नव्या मुलीला अशी कोणीतरी मम्मी असायचीच. माझ्या मम्मीने मला साबण दिला, रुमाल दिला, आणि पहिल्या हिवाळ्यात स्वतःच्या ब्लँकेटची मोठी पिन काढून माझ्या ब्लँकेटला लावली. मग स्वतः महिनाभर ब्लँकेट हाताने धरून हिंडली. ती पिन आत्ता, हे लिहिताना, माझ्या खांद्यावर आहे. चिठ्ठ्या लिहायची ती मला. नावं नसायची, खाली नुसतं 'तुझी मम्मी'. धुण्याच्या दगडांपाशी भेटायची. आणि गालावर पापी घ्यायची, मग फक्त गालावरच असं काही राहिलं नाही. हा टॅक्सीवाला पत्रं उघडून वाचतो असा मला संशय आहे, म्हणून नाव लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत असावं.

सिस्टर बेनेडिक्टांना सगळं दिसायचं. त्या म्हणायच्या, मुली आईपणाची तालीम करतायत, करू देत. कोणाला वर्गाबाहेर काढलं नाही, कोणाची परीक्षा बुडली नाही. का? तर या गोष्टीला तेव्हा कोणी नाव दिलं नव्हतं. दिनेओ नाव घेऊन बोलली, एवढाच तिचा गुन्हा.

मी न्याय मागत नाही. आपल्याला शाळेने जो कानाडोळा दिला, तेवढाच माझ्या नातीला द्या. तुम्ही आयुष्यभर त्याच कानाडोळ्याच्या सावलीत उभ्या आहात, आणि मीही.

चरबी चोळली. उपयोग झाला नाही.

लोभाचं काय लिहू, तो पहिल्या हिवाळ्यापासून खांद्याला टोचतोय.

केनेवे


लेरिबे,
२ सप्टेंबर २०१८

प्रिय केनेवे,

आशीर्वाद वगैरे राहू देत. काल बैठक झाली. तुला सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मी मध्येच लिहायचं थांबवीन.

मुख्याध्यापिका, फादर, दोन पालक आणि मी. समोर दोघी पोरी हात मागे बांधून उभ्या. थातो रडत होती. आपली रडत नव्हती, तिने तुझ्यासारखी हनुवटी वर धरली होती. मुख्याध्यापिकेने पाकीट उघडलं आणि शुद्धलेखन घालावं तशा आवाजात वाचायला घेतलं. पत्रात लिहिलं होतं, सकाळच्या पेजेच्या रांगेत तू माझ्या मागे येऊन उभी राहिलीस की मला वळून बघावं लागत नाही, माझ्या पाठीला कळतं. तू सुट्टीला गेलीस आणि माझी पाठ गार पडली.

केनेवे, तिसरं वाक्य ऐकताना मला चौथं पाठ होतं.

माझं पत्र, बाई! एकोणीसशे सहासष्टच्या हिवाळ्यातलं. तू ते डब्यात ठेवलंस, पोरीने ते जूनमध्ये वाचलं, आणि आपल्याला असं सांगता येणार नाही म्हणून शब्द न् शब्द उतरवून थातोला दिलं. मी पाणी मागितलं.

पुढे पीचच्या झाडाखाली भेटण्याचं होतं. तिथे मुख्याध्यापिका थांबली. म्हणाली, शाळेच्या आवारात एकही पीचचं झाड नाही, म्हणजे या मुली कुंपण ओलांडून बाहेर जातात. कुंपण ओलांडलं की नाव कायमचं काढायचं, आणि हा नियम कोणी लिहिलाय? मी. मी, माझ्या हाताने! एक पालक लगेच म्हणाले, नदीकाठी पीचची झाडं आहेत, तिथेच जात असणार, त्यांनी स्वतः मुली पाहिल्यात. लोकांना काय काय दिसतं! दिनेओला विचारलं, कोणतं झाड ते सांग. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. तिने माझं अक्षर ओळखलं होतं, पत्र कोणाचं ते तिला ठाऊक होतं गं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती, पण तुला-मला वाचवण्यासाठी ती स्वतःवर कुंपण ओलांडल्याचा आळ घेत होती. अठरा वर्षांची पोर. आणि मी एकाहत्तर वर्षांची, खुर्चीत बसलेली.

मी उठले. म्हणाले, ते झाड आपण बसलोय त्याच जागी होतं. फादरनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग मी कागदाकडे न बघता उरलेलं पत्र म्हणून दाखवलं, शेवटपर्यंत. मुख्याध्यापिका बोट ठेवून पडताळत होती. एकही शब्द चुकला नाही.

मग मुख्याध्यापिकेचा चेहरा एकदम सैल झाला. ती हसली, सुटका झाल्यासारखी. म्हणाली, अहो, म्हणजे हे तुमच्या वेळचं मम्मी-बेबीचं खेळणं! माझी आईसुद्धा सांगायची. पोरीने नुसती नक्कल केली तर. आता दिनेओने एवढंच म्हणावं की तीही गंमतच होती, आणि प्रकरण मिटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फादरनी तर टोपी हातात घेतली. तू मागत होतीस तो कानाडोळा समोर होता, केनेवे, अगदी ताटात वाढलेला. दिनेओ नाही म्हणायला तोंड उघडत होती, ते मला दिसलं.

पण आधी मी बोलले. म्हणाले, खेळ नव्हता. माझाही नव्हता आणि हिचाही नाही.

पन्नास वर्षं मी तो खेळच होता असं स्वतःला सांगत आले. खोलीतल्या कोणाहीपेक्षा ते ऐकून मीच जास्त दचकले.

त्यानंतर दीड तास वाद झाला, तो लिहीत नाही. कुंपण ओलांडल्याचा आरोप गळला, आणि प्रेमाविरुद्ध शाळेत नियमच सापडला नाही. सिस्टर बेनेडिक्टांनी लिहिला नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता. दोघी परीक्षेला बसतील. वसतिगृहात मात्र राहू देणार नाहीत, तिथे मी हरले. थातोच्या मामाचं घर जवळ आहे. दिनेओ आत्ता माझ्या स्वयंपाकघरात मोरोहोची भाजी निवडत बसलीय आणि निम्मी पानं टाकून देतेय. अध्यक्षपण मी सोडलं. सोडलं नसतं तर त्यांनी सोडवलं असतं.

आता एक शेवटचं. भावाला तुझं नाव मी सुचवलं होतं. तू आमच्याच घरात राहशील, एवढाच माझा विचार. त्याने तुला तिकडे डोंगरात नेलं. मी लग्न का केलं नाही हे सगळ्या जगाने विचारलं, तू एकदाही विचारलं नाहीस. माझ्या भावाचा संसार तू चांगला केलास. मी तुला फसवलं असेल तर मला माफ कर. माझी पाठ तेव्हापासून गारच आहे.

तुझी,
आणि खाली पूर्वी लिहायचे तीच,
मोसेले


मोखोतलोंग,
८ सप्टेंबर २०१८

मोसेले,

अठ्ठेचाळीस वर्षं तुला वन्सं म्हटलं, आज जमत नाही.

फसवलं म्हणे! भावाचं स्थळ कोणी पाठवलं हे मला त्याच दिवशी कळलं होतं, म्हणून तर हो म्हटलं. तो भला माणूस होता. त्याला सगळं माहीत होतं आणि त्याने कधी दुखावलं नाही. तू लग्न का केलं नाहीस हे विचारलं नाही, कारण उत्तर माझ्या खांद्यावर होतं.

तुझं पत्र मी चुलीपाशी बसून वाचलं आणि मोठ्याने रडले. शेजारीण धावत आली, कोण गेलं म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, कोणी गेलं नाही, उलट कोणीतरी परत आलं. तिला वाटलं, म्हातारीला आता वेड लागलं.

दिनेओला सांग, मोरोहोची देठं टाकायची नसतात. आणि हेही सांग की पुढच्या वेळी पत्र स्वतःचं लिहायचं. तुझ्यापेक्षा चांगलं लिहिता येईल तिला, थोडी चूक झाली तरी.

घोडीला नि शिंगराला शेजाऱ्याकडे ठेवलंय. परीक्षा संपेपर्यंत मी तिकडे राहायला येतेय. पुढच्या शनिवारची टॅक्सी आहे, गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत. सकाळी पेज कर, आंबट, आपली तशी. घेताना मागे वळून बघू नकोस.

तुझी बेबी,
केनेवे